इंचाला एक वर्ष

इद्वल प्रिचर्डला ओक परवडत नव्हतं आणि पाईन घ्यायला मन होत नव्हतं. चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस, पण लाकडाच्या बाबतीत नखरे राजाचे! घरामागे स्वतःच्या हातानं काचघर बांधायचं आणि तिथं बायकोला, नेस्ताला, खुर्ची टाकून बसवायचं, एवढाच बेत. नेस्ताची नजर झपाट्यानं चालली होती. पुढच्या उन्हाळ्यात तिला समोरचा डोंगर दिसेल, असं डॉक्टर काही सांगत नव्हते.

शोनेदच्या लाकडाच्या वखारीत पाईनपेक्षा टणक अशा लार्च झाडाच्या तुळया रचलेल्या होत्या. झाडांवरचा रोग पसरू नये म्हणून डोंगरापलीकडचं सगळं लार्चचं रान तोडलं होतं, त्यामुळे लाकूड मातीमोल झालेलं. "रोग झाडाला होता, लाकडाला काही होत नाही," शोनेद म्हणाली. इद्वलनं एका तुळईवर हात फिरवला. तांबूस, दाट, चिवट. गड्याचा जीवच जडला.

"पण ओलं आहे हो काका," शोनेदनं बजावलं. "सुकायला जाडीच्या इंचाला एक वर्ष धरा. ओल्यावरच काच बसवलीत तर खांब पिळणार आणि काच तडकणार. तुमचे खांब तर चार इंची."

"सुकवू की! आयुष्यभर टिकेल."

घरी येऊन तो सुटलाच. ढीग कुठे रचायचा, वर पत्रा कसा टाकायचा. नेस्ता वाटाणे सोलत ऐकत होती.

"म्हणजे चार वर्षं?"

"चांगल्या कामाला वेळ लागतोच."

"आणि तेव्हा मी काय बघू रे, इद्वल?"

इद्वलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ऊन तरी लागेल तुला," तो चाचरत म्हणाला.

"ऊन अंगणातही लागतं. मला डोंगर हवाय."

"पाईन दहा वर्षांत कुजेल गं."

"कुजू दे मेलं!"

दुसऱ्या दिवशी तो वखारीत हजर. "पाईन? आणि तुम्ही?" शोनेद हसली.

"सुकलेलं दे. आणि टोमणे नंतर मार, आधी गाडीत भर."

सप्टेंबरात काचा बसल्या. नेस्ता खुर्चीत बसून डोंगरावरच्या मेंढ्या बोटानं मोजू लागली. सतरा झाल्या. त्यातले पाच दगड होते. इद्वल तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "अठरा. ती बघ, कुंपणापाशी आणखी एक."