सलिलच्या नावावरची गाडी

डोंबिवली पूर्वेच्या त्या सोसायटीत कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं, की आधी त्र्यंबक जोगळेकरांना विचारायचं, असा रिवाजच पडला होता. त्र्यंबकराव एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून क्वालिटी कंट्रोलचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर मालातले दोष काढायचा पगार घेतला आणि निवृत्तीनंतर तेच काम फुकटात चालू ठेवलं. गाडीतली मॅट उचलून ते खाली नाक लावायचे. पुरात बुडालेल्या गाडीला कितीही सेंट मारा, तिथला कुबट वास जात नाही. मीटरवरच्या आकड्यापेक्षा ब्रेकच्या पेडलवरचं झिजलेलं रबर त्यांना जास्त पटायचं. बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र बघितल्याशिवाय ते विकणाऱ्याकडचा चहासुद्धा घेत नसत. सगळ्यात शेवटी चासी नंबरवर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची आणि उमटलेले आकडे आरसीशी ताडून बघायचे. लोक मागून हसायचे, पण त्यांना दाखवून घेतलेल्या गाडीत फसलं कुणी नाही.

अशा माणसाने स्वतःच्या घरातल्या एका गाडीचं काम दोन वर्षं अर्धवट ठेवलं होतं.

गाडी त्यांच्या मुलाची, सलिलची. लाल, दोन दारांची, दोन सीटांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी. तीही जुनीच घेतलेली. सलिलने पगारातून पैसे साठवले आणि बापाने तीन गाड्या नापास करून चौथी पास केली. सलिलच्या आईला, नीलाताईंना, मात्र ती कधीच पटली नाही. "तिघांच्या घरात दोन सीटांची गाडी कशाला रे?" असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या आणि हट्टाने एकदाही तिच्यात बसल्या नाहीत. सलिल रोज विचारायचा, "आई, गोळवलीपर्यंत एक राउंड?" त्या रोज म्हणायच्या, "बघू." मग एका पहाटे काटई रस्त्यावर उलट्या बाजूने आलेल्या डंपरखाली ती गाडी गेली, आणि सलिल गेला.

विमा कंपनीने गाडी पूर्ण बाद ठरवली. भंगारवाला उरलेला सांगाडा न्यायला आला तेव्हा म्हणाला, "काका, आरसी द्या, कॅन्सल करायचं माझं मी बघतो." दुसऱ्या कुणी अशी आरसी देऊन टाकली असती तर त्र्यंबकरावांनी त्याची शोभा केली असती. नोंदणी आपण स्वतः आरटीओत जाऊन रद्द करायची, हे ते जगाला शिकवत आले होते. पण त्यासाठी सलिलच्या मृत्यूचा दाखला जोडावा लागणार होता, खिडकीवरच्या माणसाला तोंडाने सांगावं लागणार होतं. त्यांनी आरसी भंगारवाल्याच्या हातात ठेवली. तो काहीही करणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना तेच हवं होतं.

कारण मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला की माहिती येते. मालकाचं नाव आता पूर्ण दाखवत नाहीत, मधली अक्षरं झाकून चांदण्या टाकतात. पण बापाला त्या चांदण्यांमधून सलिल त्र्यंबक जोगळेकर हे नाव सरळ वाचता यायचं. आणि खाली हिरव्या अक्षरांत असायचं, ॲक्टिव्ह. बँकेतून नाव गेलं, रेशन कार्डावरून गेलं, मतदार यादीतूनही गेलं. जगात एवढ्या एकाच ठिकाणी सलिल ॲक्टिव्ह होता. त्र्यंबकराव रोज सकाळी फिरायला जाताना बाकावर बसून ते बघायचे आणि मग घरी येऊन चहा मागायचे.

विम्याची तारीख उलटून गेली होती, पीयूसी कधीच संपली होती. त्या ओळी तांबड्या दिसत. आणि मागच्या महिन्यात एका सकाळी त्या दोन्ही ओळी हिरव्या झाल्या. पीयूसी नवी, विमा नवा.

भंगारात गेलेल्या गाडीची पीयूसी निघते म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून द्यायला नको होतं. कुणीतरी तशीच दुसरी गाडी आणलीय, बहुतेक चोरीची, आणि भंगारवाल्याला दिलेल्या आरसीवरून तिला सलिलच्या गाडीचा नंबर चढवलाय. शेजाऱ्याच्या बाबतीत असं झालं असतं तर त्र्यंबकराव त्याचा कान धरून त्याला पोलिसांकडे घेऊन गेले असते. पण त्यांनी काय केलं, तर ते त्या हिरव्या ओळींकडे बघत बसले. अपघाताच्या आधीच्या आठवड्यात पीयूसी काढायची राहिलीय म्हणून ते सलिलवर ओरडले होते, आणि आता कुणीतरी ती काढली होती. त्या दिवशी घरी येताना त्यांनी नीलाताईंसाठी सोनचाफा घेतला. कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी, नीलाताई पोळ्या करत असताना, बेल वाजली. दारात पंचविशीचा एक मुलगा उभा होता. पाठीला बॅग, हातात हेल्मेटसारखी जपून धरलेली फाइल.

"सलिल जोगळेकरांचं घर हेच ना?" त्याने विचारलं.

या दारात हे वाक्य फार दिवसांत कुणी बोललं नव्हतं. त्र्यंबकरावांच्या तोंडून सवयीने "हो" निघून गेलं.

"सॉरी हां, न सांगता आलो. मी अद्वय. घोडबंदर रोडला राहतो. सलिलदादांची गाडी घेतोय मी. एजंट बोलला ते कॅनडाला शिफ्ट झालेत, सह्या करून गेलेत. पण आरसीवर हा पत्ता होता, घरचं कुणीतरी भेटावं असं वाटलं. खाली गाडी आणलीय, मेकॅनिकला दाखवतो सांगून घेऊन आलोय."

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला.

त्र्यंबकरावांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. मुलगा भाबडा नव्हता. त्याने फाइल उघडून सगळं दाखवलं. गाडीवर कर्ज नाही, दंड थकलेला नाही, एकच मालक, विमा चालू, पीयूसी चालू. ॲपवरचा स्क्रीनशॉटसुद्धा छापून आणला होता. चांदण्यांचं ते नाव कागदावर बघून त्र्यंबकरावांनी चष्मा काढला.

"सगळं क्लिअर आहे, काका," अद्वय म्हणाला. "फक्त माणूस बघायचा राहिलेला. लहानपणापासून स्वप्न आहे ओ माझं ही गाडी. आईबाबांचा विरोध आहे, त्यांना अजून सांगितलंच नाहीये. उद्या फुल पेमेंट करतोय."

"आईला सांग आधी," आतून नीलाताई म्हणाल्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हाताला पीठ तसंच.

"सांगणार ना, काकू. एक राउंड मारून आणली की विरघळते ती."

नीलाताईंनी पदराने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिल्या.

त्र्यंबकराव उठले. "चल, बघू गाडी," म्हणाले. कागद आणि पेन्सिल त्यांनी खिशात टाकली, तीही सवयीनेच.

खाली गुलमोहराखाली गाडी उभी होती. तीच, लाल. तोच नंबर, एमएच झिरो फाइव्हचा. तिला खरोखर काही झालं नसावं इतकी अखंड. पोलिसांच्या आवारात त्यांनी सलिलच्या गाडीचा पुढचा भाग बघितला होता. तिथे भाग असा राहिलाच नव्हता. तरी त्यांचा हात आधी ड्रायव्हरच्या काचेवर गेला आणि क्षणभर त्यांनी आत वाकून बघितलं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, चासी नंबरवर कागद धरला आणि पेन्सिल घासली. आकडे सलिलच्याच गाडीचे उमटले. पण एक वर, एक खाली, एक खोल, एक उथळ. कारखान्यातल्या मशीनने ठोकलेले आकडे असे रांग मोडत नाहीत. खालचा पत्रा घासून, वर रंग मारून, हाताने ठोकलेले होते ते. चार वर्षांपूर्वी याच कंपाउंडमध्ये त्यांनी आणि सलिलने असाच कागद घासला होता, आणि ते आकडे सरळ रेषेत आले होते.

"काय झालं, काका? ओके आहे ना?" अद्वयने विचारलं.

आता बोलायचं होतं. 'गाडी चोरीची आहे' एवढं म्हणून भागणार नव्हतं. हा हुशार मुलगा विचारणार, तुम्हाला कसं माहीत? खरी गाडी कुठेय? सलिलदादांना फोन लावा ना. दोन वर्षांत त्र्यंबकरावांनी ते एक वाक्य कुणालाही स्वतः सांगितलं नव्हतं. नातेवाइकांना त्यांच्या मेहुण्याने, प्रभाकरने, कळवलं होतं. बँकेत आणि महापालिकेतही तोच गेला होता. आणि हे वाक्य एकदा पोलिसात लिहून दिलं की नोंदणी रद्द होणार, ती हिरवी ओळ जाणार. त्याउलट नुसती मान हलवली, 'ठीक आहे' म्हटलं, तर ही गाडी ठाण्यात कुठेतरी धावत राहील, सलिलच्या नंबरवर. तो विचार त्यांना शिवून गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

"अहो," जिन्याच्या पायरीवरून नीलाताई म्हणाल्या, "पोराला सांगा. त्याची आई वाट बघत असेल."

"अद्वय," त्र्यंबकराव म्हणाले, "सलिल कॅनडात नाही." त्यांनी घासलेला कागद त्याच्या हातात दिला. "त्याची गाडी ज्या अपघातात गेली, त्याच अपघातात सलिल गेला. ही ती गाडी नाही, बाळा. ही दुसऱ्या कुणाचीतरी चोरलेली आहे."

मुलगा गाडीपासून एक पाऊल मागे सरला. मग तो वाकून त्र्यंबकरावांच्या पाया पडला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

गाडी पोलीस चौकीत न्यायची ठरली. अद्वय चालवणार, म्हणजे उरली एक सीट. त्र्यंबकराव दार उघडून बाजूला झाले आणि नीलाताईंकडे बघत राहिले. त्यांनी साडी सावरली, डोकं सांभाळत वाकल्या आणि बसल्या. पट्टा कुठे लावायचा ते त्यांना कळेना, तेव्हा अद्वयने लावून दिला. त्र्यंबकराव मागून रिक्षाने निघाले. मानपाड्याच्या सिग्नलपर्यंत लाल गाडी पुढे, रिक्षा मागे. मागच्या काचेतून त्यांना दोन डोकी दिसत होती, एक काळं, एक पांढरं. रिक्षावाला म्हणाला, "भारी गाडी आहे, काका. मुलाची का?" त्र्यंबकराव म्हणाले, "पुढे बघून चालव."

चौकीतले हवालदार सज्जन होते. आधी त्यांनी अद्वयचं सगळं लिहून घेतलं, एजंटचा फोन नंबर, त्याने गाडी दाखवली ती बाळकुमजवळची जागा. मग कागद पुढे ओढून त्र्यंबकरावांकडे वळले.

"गाडी भंगारात दिल्यानंतर तुम्हाला आज पहिल्यांदाच कळलं ना, साहेब? म्हणजे तसं लिहितो."

'हो' म्हटलं असतं तर विषय तिथेच संपत होता. हवालदारांचं पेन कागदावर टेकलंही होतं. पण समोर अद्वय बसला होता, याच्या जागी चौकशी न करता पैसे मोजणारा एखादा पोरगा असता, तर तो फसलाच असता.

"नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "महिनाभर आधी कळलं होतं. ॲपवर पीयूसी निघालेली दिसली. मी रोज बघतो."

"मग तेव्हाच का नाही आलात?"

बाजूला नीलाताई होत्या; त्यांच्यापासून एवढी एकच गोष्ट लपवलेली, ती आज अशी चारचौघांत उघडी पडली होती. त्यांनी मान खाली घातली.

"मलाही कळलं होतं," नीलाताई म्हणाल्या.

त्र्यंबकरावांनी मान वर केली.

"हे फिरायला गेले की मी बघते," त्या हवालदारांना सांगत होत्या, नवऱ्याकडे न बघता. "पीयूसी निघाली तेव्हा मीही बघितलं. म्हटलं, ह्यांना दाखवलं तर हे लगेच चौकीत जातील. कायदा पाळणारा माणूस आहे. म्हणून बोलले नाही. त्यात काही चुकीचं आहे हे मला समजत होतं, साहेब. पण बरं वाटत होतं."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. अद्वय फाइलचा कोपरा दुमडत बसला. त्र्यंबकरावांनी टेबलाखालून बायकोचा हात शोधला. पोळ्यांचं पीठ नखांत अजून होतं. एकाच घरात, एकाच मुलासाठी, दोघांनी दोन वर्षं एकमेकांपासून लपून रडून घेतलं होतं.

हवालदारांनी पुन्हा लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर त्यांनी जबाब मोठ्याने वाचला, सगळ्यांना वाचून दाखवतात तसा. "सदर वाहनाचे नोंदणीकृत मालक सलिल त्र्यंबक जोगळेकर हे मयत असून..." तिथे ते थांबले आणि दोघांकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "हे बरोबर आहे ना?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर बरोबर-चूक सांगणाऱ्या त्र्यंबकरावांनी बायकोकडे बघितलं.

"बरोबर आहे," नीलाताई म्हणाल्या. "लिहा."