दोन बादल्या

आरसे दोनशे सोळा. त्यांत तडा गेलेले तीन. पुसायची फडकी चार, बादल्या दोन, एक निळी आणि एक पिवळी. तपासणीला आलेल्या इंजिनीअर मुलीने सगळं मोजून लिहिलं आणि पिवळ्या बादलीत बोट बुडवलं.

"मावशी, हे पाणी कुठलं?"

"बोअरचं. निळीत बॉयलरसाठी शुद्ध केलेलं मऊ पाणी असतं, पण ते आठवड्यातून एकदाच देतात. मी मात्र रोज पुसते हो! दोन वर्षांत एक खाडा नाही."

आरसेवालीच्या आवाजात जराशी ऐट होती. थंडी करायला आग लागते, याचं तिला पहिल्यांदा हसूच आलं होतं. पण हे शीतगृह तसंच चालायचं: आरशांनी गोळा केलेल्या उन्हावर, आणि ऊन कमी पडेल तिथे भुशाच्या भट्टीवर. भट्टीवर तिचा नवरा होता. डॉक्टरांनी त्याला धुरापासून लांब राहायला सांगितलं, तेव्हा तिने मनाशी साधं गणित मांडलं. आरसा जितका लख्ख, तितका भुसा कमी, तितकी ह्यांची छाती मोकळी.

मुलीने आरशावर उपकरण टेकवलं. "नवा होता तेव्हा त्र्याण्णव टक्के ऊन परत फेकायचा. आता अठ्ठावन्न."

"धूळ असेल. थांबा, फडकं मारते."

"धूळ नाही, मावशी. बोअरच्या पाण्यातले क्षार आहेत. तापल्या काचेवर पाणी वाळलं की चिकटून बसतात. रोज एक थर. काच खाल्लीये त्यांनी." ती घुटमळली. "निळ्या बादलीतल्या पाण्याने आठवड्याचं एकच पुसणं पुरलं असतं."

आरसेवालीने पांढरा डाग नखाने खरवडला. नख तुटलं.

"मग नवे बसवतील?"

"साहेब म्हणाले, यापुढे भट्टीवरच भागवा."

जेवणाच्या सुट्टीत नवरा खोकत खोकत तिच्याशेजारी येऊन टेकला. "काय गं, ऊन म्हातारं झालं की काय? भुसा नुसता वाढतोच आहे."

"अहो..."

"असू दे. तू घासतेस म्हणून निभतंय. नाहीतर मी कधीच आटोपलो असतो."

तोंडाशी आलेलं तिने घासाबरोबर गिळलं.

दुपारी तिने पिवळी बादली उपडी घातली. भट्टीजवळच्या फळ्यावर दिवसभरात लागलेल्या भुशाच्या टोपल्या लिहीत. पहिल्या महिन्यात तिथे एकेचाळीसचा आकडा असायचा.

संध्याकाळी नवऱ्याने खडूने लिहिलं: अठ्ठ्याहत्तर.