एकशे चार नंबर

हिंगोलीच्या एका खासगी दवाखान्यात देविदास राठोड नेटवर्क सांभाळायचा. २००६ सालची गोष्ट. वरच्या मजल्यावर त्याची आई, पारुबाई, तीन दिवसांपासून बेशुद्ध होती. डॉक्टरांनी आज सकाळी मान हलवली, तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

काउंटर, वॉर्ड आणि लॅबच्या संगणकांची त्याने तीन व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच तारेवरच्या तीन वेगळ्या जाळ्यांत, वाटणी केलेली. एका घरात तीन चुली म्हणा ना! भर दुपारी हे संगणक जोडणारा एक नेटवर्क स्विच जळाला, तेव्हा त्याने कपाटातून जुना काढला. तो प्रेमसिंगच्या हातचा. प्रेमसिंग त्याच्याच तांड्यातला, हे काम शिकवणारा, दोन वर्षांपूर्वी वारलेला. जुना स्विच जोडण्याआधी त्यातली व्हीलॅनच्या नंबर-नावांची यादी पुसायची, हे त्याने शंभरदा बजावलं होतं. कारण या यंत्रांचा कारभारच उफराटा. ज्याच्या यादीत फेरफार जास्त, त्याची यादी बाकीचे मुकाट घेतात आणि आपली टाकून देतात.

पण जीव वर अडकलेला. देविदासने न पुसताच मुख्य स्विचकडे जाणारी ट्रंकची तार खोचली, आणि मिनिटभरात सगळा दवाखाना ठप्प झाला.

कपाळावर हात मारत त्याने तार उपटली, मुख्य स्विचवरची यादी उघडली. काउंटर, वॉर्ड, लॅब साफ गायब. त्यांच्या जागी चार नावं होती. १०१ रामसिंग. १०२ प्रेमसिंग. १०३ देवला. १०४ पारुबाई.

चौथं नाव त्याच्या आईचं! तांड्यातली माणसं ज्या क्रमाने गेली, त्याच क्रमाने होती पहिली तीन नावं. देवला तर मागच्या महिन्यात गेली. आणि हा स्विच दोन वर्षं कुलपात, विजेविना पडून होता!

त्याने आपली तिन्ही नावं पुन्हा घातली. काउंटर सुरू झालं, वॉर्ड सुरू झाला, लॅबचे रिपोर्ट वर जायला लागले. मग त्याने ती चार पुसायला घेतली. तीन गेली. एकशे चार परत आला. पुन्हा पुसला, पुन्हा आला. जुन्या स्विचची तार तर केव्हाच जमिनीवर पडलेली.

"प्रेमसिंगदादा, याडीला सोड, माझ्या आईला सोड," तो रडवेला होऊन म्हणाला.

नंबर काही जाईना. पण नाव बदलता येत होतं. देविदास क्षणभरच थांबला. मग एकशे चारसमोर त्याने स्वतःचं नाव टाइप केलं आणि एंटर दाबलं. ते टिकलं.

फोन वाजला. वरून मोहिनी सिस्टर बोलत होत्या. "देविदासभाऊ, लवकर या. आईनं डोळे उघडले, तुमालाच बोलवून राहिल्या."

तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर पोचला. पारुबाई उशीला टेकून बसली होती. तिने त्याचा हात हातात घेतला आणि दचकून सोडला.

"बेटा," ती म्हणाली, "तुहा हात इतका गार काहून पडला?"