करंगळीला घाबरणारी सासू

शिवणखान्याच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जेवणाची सुट्टी, पण डबे तसेच बंद. वर कापड बेतायच्या लांब टेबलावर बोटांवरून भूत ओळखणारे बोटबाबा मांडी घालून बसले होते, उजव्या हातातली पितळी घंटा अखंड हलवत.

"उलटे हात जोडा! पंजाची पाठ पंजाच्या पाठीला, बोटं जमिनीकडे. साठ मोजेस्तोवर हलाल तर खबरदार!"

बारा शिवणाऱ्या बायांनी हात जोडले. चाळीस मोजेपर्यंत सातजणींच्या बोटांना मुंग्या.

"आले! आतले पाहुणे जागे झाले!" बाबा गरजले.

त्या सातांत माझी वहिनी. हातानं काजं करण्यात तिच्या तोडीचं कुणी नाही. पण वर्षभरात सुई तिच्या चिमटीतून निसटू लागली होती, पहाटे ती हात झटकत उठायची. बाबांनी तिचे डोळे अस्तराच्या पट्टीनं बांधले, मधल्या बोटाला काडी लावली.

"कोणतं बोट?"

"अंगठ्याशेजारचं."

आता अंगठ्याशेजारच्या बोटाला काडी. वहिनी म्हणाली, "मधलं."

घंटा दुप्पट जोरात वाजली.

"बोटात बोट शिरलं, घर कुणी घेरलं?
गेली म्हातारी फिरून आली, सुनेला तिनं हेरलं!

बाई, बोटांत तुझी सासू बसलीय!"

वहिनी ढसाढसा रडली. "माझंच चुकलं हो! शेवटी त्यांनी पाणी मागितलं, आणि मी हातातलं काज पुरं करून उठले."

उपाय तयारच होता. मनगटाला काळी दोरी करकचून बांधायची, दर आठवड्याला एक वेढा वाढवायचा. पहिला वेढा बाबांनी तिथंच आवळला. "आणि डॉक्टरनं हात धरला, तर म्हातारी अंगठाही घेऊन जाईल!"

ती म्हातारी माझी आई. माझ्यापेक्षा सुनेशीच तिचं जास्त जमायचं. मेल्यावर ती असल्या उचापती करेल, हे लेकीला पटेना. बाबा मुंग्यांचा आळ मेलेल्यांवरच घेतात हे ठाऊक होतं, म्हणून मी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना आधीच बोलावून इस्त्रीच्या टेबलामागे उभं केलं होतं. त्या शांतपणे पुढे आल्या.

"करंगळीला मुंग्या येतात?"

"नाही," वहिनी डोळ्यांवरची पट्टी सोडत म्हणाली. "तिच्या शेजारच्या बोटाला अर्ध्यातच येतात."

"म्हणजे सासूबाई साडेतीन बोटांतच राहतात. करंगळीला एवढ्या का घाबरतात?"

"माझी आई तर सासऱ्यालासुद्धा घाबरली नाही!" मी म्हणाले. हॉलमध्ये पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

डॉक्टरीणबाईंनी वहिनीचं मनगट हातात घेतलं. "इथं एक अरुंद बोगदा आहे. बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस, सगळ्यांची वाट एकच. दिवसभर मनगट वाकवून काजं केली की आत सूज येते, नस चेंगरते. ती नस साडेतीन बोटांची. करंगळीची वाट वेगळी. उलटे हात जोडले की दाब वाढतो, मुंग्या येतात. आम्हीही असंच तपासतो, फक्त घंटा वाजवत नाही."

"आणि बोटांची अदलाबदल?" इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"मेंदूत बोटांचा नकाशा असतो, प्रत्येक बोटाचा तुकडा शेजारी शेजारी शिवलेला. चेंगरलेल्या नसेकडून महिनोन्‌महिने गोंधळलेले निरोप गेले की मधल्या शिवणी पुसट होतात. मग स्पर्श एका बोटाला होतो आणि वाटतो दुसऱ्याला. दाब वेळेत उतरवला तर नकाशाही बराचसा सावरू शकतो. पण उशीर नको. हा अंगठ्याखालचा उंचवटा बसायला लागलाय. त्यात वर ही दोरी!"

"खोटं!" बाबा ओरडले.

"मग तुम्हीच जोडा," मी घंटा काढून घेतली.

बाराशे डोळ्यांसमोर असल्यासारखे बाबांनी ऐटीत उलटे हात जोडले. विसाला चेहरा आंबला. तिसाला ते उजवा हात झटकायला लागले. दिवसभर घंटा हलवणारं मनगट ते!

"अगं बाई! ह्यांच्यात कुणाची सासू?" बटणं लावणारी मावशी किंचाळली. बाबा जिना उतरले, तेव्हा घंटा माझ्याच हातात होती.

मी कापडाच्या कात्रीनं दोरी कापली. वहिनीनं हळूच विचारलं, "वन्सं, म्हणजे आई रागावल्या नव्हत्या?"

"पाणी पिऊन तुझ्याच मांडीवर गेली ना गं ती?"

आधी मनगट सरळ ठेवणारी पट्टी, मग छोटीशी शस्त्रक्रिया. काही महिन्यांनी मी तिचे डोळे झाकून बोटांना काडी लावली. पाचांपैकी चार बरोबर. काजं करताना आता ती गुणगुणते:

"मनगटाच्या गल्लीत गं, दाटली माझी नस,
बाबा म्हणे भूत आलं, वैद्य म्हणे, जरा बस."

बायांनो, मुंग्या आल्या तर मेलेल्या माणसांवर आळ घेऊ नका. ती बिचारी उत्तर द्यायला येत नाहीत. जो आधी करंगळीची चौकशी करेल, त्याच्याकडे जा.