धुरीचं लाकूड

संगमेशनं डाळमिलीतली नोकरी सोडून लातुरात नांदेड रोडला पत्र्याखाली बार्बेक्यू टाकला, तेव्हा सगळ्या गल्लीनं कपाळाला हात लावला. लिंगायताचं पोर, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि हे धंदे! "अहो, मटण न्हाई. पनीर, वांगी, मक्याची कणसं," असं सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं. झाकणाच्या लोखंडी भट्टीत लाकडाचा धूर कोंडायचा आणि त्या धुरीवर जिन्नस हळूहळू शिजवायचं, एवढंच ते काम. पण त्या धुराला चव नको? बाभळीचा धूर घशाला धरायचा. कडुलिंबानं पनीर कडूजहर केलं. नांदेडच्या वखारीतलं पेरूचं लाकूड बरं निघालं, तर ते पुन्हा मिळेना. गिऱ्हाईक एकदा यायचं आणि परत फिरकायचं नाही. दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर मुकाट्यानं डाळमिलीत जायचं, असं त्यानं बायकोला, शिल्पाला, कबूल केलं होतं.

अशात जळकोटकडच्या किशनरावांचा आंबा विकायचा असल्याचं कळलं. बांधावरचं डेरेदार झाड.

"मोहर लई येतो, पण कैरी एक धरत न्हाई. घेऊन जावा," किशनराव म्हणाले.

"घरात इचारलं का, मामा?"

"बायको भावाकडं गेली हाय नांदेडला. झाडाचं तिला काय इचारायचं?"

पण बुंध्याला करवत लागली तसा म्हातारा पाठ फिरवून जो निघाला, तो झाड पडेपर्यंत मागं वळला नाही. संगमेशला ते चमत्कारिक वाटलं. लाकूड मिळाल्याच्या आनंदात त्यानं फार मनावर घेतलं नाही.

उन्हाळाभर ते लाकूड वाळवलं आणि मग भट्टीला लावलं. अगं आई गं, काय तो वास! गिऱ्हाईक पहिला घास तोंडात घालून थबकायचं. "वास ओळखीचा हाय राव, पण कशाचा ते आठवंना," असं म्हणत आणखी एक प्लेट मागवायचं. शिल्पानं मात्र ओळखला.

"अहो, हा तर बाळंतिणीच्या खोलीतला वास. शेगडीवर ओवा, बाळंतशेपा टाकून तान्ह्या लेकराला धुरी देतात बघा, तो."

"काहीतरीच तुझं," संगमेश म्हणाला. अंगावर काटा आलेला त्यानं बाही ओढून झाकला.

कारण त्यानं दुसरंच काही पाहिलं होतं. त्या लाकडाचा धूर वर जायचाच नाही. झाकणाच्या फटीतून खाली उतरायचा आणि जमिनीलगत, गुडघ्याच्याही खालून, त्याच्या मागं मागं यायचा. तो नळापाशी गेला की नळापाशी, गल्ल्यावर बसला की गल्ल्याखाली. रांगत आल्यासारखा. आणि भट्टीत लाकूड कण्हायचं. बारीक, थांबून थांबून, रडून दमल्यासारखं. "ओल असंल," तो शिल्पाला सांगायचा. ओल कुठली डोंबलाची! लाकूड खणखणीत वाळलेलं होतं. त्याला भ्या वाटायचं, खरं सांगायचं तर लई भ्या वाटायचं. पण टेबलं भरत होती, म्हणून तो गाणी मोठ्यानं लावायचा.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी एसटीतून एक म्हातारी उतरली आणि सरळ पत्र्याखाली आली.

"मी सिंधू. किशनरावांच्या घरची. उन्हाळ्यापासून इचारायले, माणूस तोंड उघडंना. काल बोलला. माझा आंबा कुठाय?"

मागं दोन ओंडके उरले होते. दुसऱ्या दिवशीच्या साखरपुड्याच्या जेवणासाठी त्यानं ते राखून ठेवले होते. पहिलीच मोठी ऑर्डर. ती पार पडली की डाळमिलीचं नाव काढायचं कारण नव्हतं.

"संपला, मावशी," तो म्हणाला.

तोच त्याच्या पायाशी घोटाळणारा धूर हलला. त्याला सोडून तो फरशीवरून पुढं गेला आणि सिंधुबाईंच्या पायाशी थांबला. भट्टीतलं कण्हणं बंद झालं. म्हातारीनं खाली पाहिलं. मग ती तिथंच फरशीवर बसली, लेकराला न्हाऊ घालायला बाया बसतात तशी पाय लांब पसरून, आणि धूर तिच्या नडग्यांवर निजला.

"माझं लेकरू हाय त्या झाडाखाली," ती म्हणाली. "बारशाच्या आधीच गेलं. नाव सुदिक न्हाई ठेवलं. आईचं दूध पुरलं न्हाई म्हणून गेलं, असं म्हनले लोक. बांधाला पुरलं आन् वर मी कोय लावली." ती धुरावरून हात फिरवत होती. "तान्ह्या लेकराला जाळत न्हाईत, बाबा. मातीत देतात. तुमच्यात, लिंगायतांत, तर समद्यांनाच मातीत देतात. तुला कसं कळलं न्हाई?"

संगमेशला भडभडून आलं. त्यानं मागचे दोन्ही ओंडके छातीशी धरून आणले आणि तिच्यापुढं ठेवले.

"आन् राख?"

त्यानं नळाकडं पाहिलं. तिथं राखेचा डबा होता, आणि त्याच राखेनं घासलेली ताटं उन्हात लखलखत होती. सिंधुबाई उठल्या, डब्यात होती नव्हती ती राख पदरात घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिल्पानं फोन करून दुसऱ्या दिवशीची ऑर्डर रद्द केली. संगमेशनं टेम्पो काढला, म्हातारीला जळकोटकडं नेलं आणि आंब्याच्या उरलेल्या खोडाशी स्वतः खड्डा खणला. ओंडके आडवे न टाकता उभे ठेवले. त्याच्या वडलांना असंच बसतं पुरलं होतं. वर पदरातली राख पडली. किशनराव लांब उभे होते, जवळ आले नाहीत.

"एक इचारू?" सिंधुबाई म्हणाल्या. "त्याचं मला काहीच ठाव न्हाई. हसणं न्हाई, बोलणं न्हाई. तू खाल्लंस न्हवं त्या धुरीवरचं? कसं लागायचं?"

दुपारी खोटं बोललेल्या संगमेशला आता खोटं बोलवेना.

"गोड," तो म्हणाला. "लई गोड, मावशी. दुधासारखं."

"मंग पुरलं होतं माझं दूध," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी माती लोटू लागली.