ओविदच्या गाडीतली पुढची जागा

ओविदच्या मोटारगाडीच्या चामड्याच्या पट्ट्याला एरंडेलाच्या वंगणाचा वास येत होता. पाववाल्याच्या दारात मांजर झोपलं होतं. पुढच्या जागेवर बसलेल्या एर्मीनने टोपी हनुवटीखाली घट्ट बांधली होती.

ओविद बनवायचा ती गाडी होडीसारखी अरुंद होती. चालवणारा मागे बसायचा, सोबतचा माणूस पुढे. आमच्या बर्गंडीतला चढ आला, की पुढच्याने काठीने चाकं फिरवणारा पट्टा मोठ्या कप्पीवर ढकलायचा, नाहीतर गाडी मागे घसरायची. गिऱ्हाइकं हसून निघून जायची.

चढाच्या पायथ्याशी ओविदने विचारलं, "एर्मीन, लग्न करशील माझ्याशी?"

"माझ्या पाठीला विचारतोस होय रे?"

"तोंडावर विचारायचा धीर होत नाही."

"आणि तुझा हा गाड्यांचा कारखाना बुडाला तर?"

"तर दोघं मिळून बुडू."

"वा, काय पण मागणी!"

धुक्यात द्राक्षमळे तरंगत होते. गाडी मंदावली, थांबली, हळूच मागे सरकू लागली. एर्मीनच्या मांडीवरची काठी हलली नाही. ओविदने डोळे मिटून घेतले.

मग पट्टा खटकन कप्पीवर बसला आणि गाडी धुक्यात वर चढू लागली.

"डोळे उघड मेल्या," ती मागे न वळताच म्हणाली. "बायकोला खड्ड्यात घालशील!"

एर्मीन भेटण्याआधी ओविदने बनवलेल्या पहिल्या गाडीत एकच जागा होती.