ईदेची पहिली पाळी

लोटे एमआयडीसीतल्या त्या केमिकल कारखान्यात एक जुना रिवाज होता. गणपतीत हिंदू मंडळी गावी जात, त्यांच्या पाळ्या मुसलमान मंडळी सांभाळत, ईदेला उलट. कुठे लिहिलेला नव्हता, तरी वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता. मोडला तो चांगल्या शिकल्यासवरल्या पेवेकर साहेबांनी.

पाळ्यांचा तक्ता पेवेकर लावत. हाताखालच्या फुजैल सुपरवायझरचा स्वभाव त्यांनी बरोबर हेरला होता. "तेवढं बघशील ना रे?" म्हटलं की "बघतो साहेब" ठरलेलं. गणपतीचे पाचही दिवस फुजैल प्लांटवर होता, आणि तरी मागच्या ईदेला साहेबांनी त्यालाच थांबवून घेतलं. मऊ लागलं की कोपराने खणायचं, एवढंच या गृहस्थाला ठाऊक.

यंदा मात्र फुजैलचा भाऊ अहमद तीन वर्षांनी कुवेतहून आला होता आणि ईदेच्या दुसऱ्याच दिवशी परत निघणार होता. दापोलीहून अम्माने फोनवर बजावलं होतं, "औंदा तरी दोघं एका ताटात जेवा रे."

ईदेच्या दोन दिवस आधी पेवेकरांनी फुजैलला केबिनमध्ये बोलावलं. ईदेची पहिली पाळी या वेळी तक्त्यावर त्यांच्याच नावावर होती.

"मुलांनी मालवणचा हट्ट धरलाय रे. माझी पाळी तू घे."

"घरी ईद आहे, साहेब."

"ईद काय, पुढच्या वर्षी येतेच की! आणि तू नाही म्हणणाऱ्यातला नाहीस, म्हणून तर मी हॉटेलसुद्धा ठरवून टाकलं."

फुजैलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपली अदब या माणसाला फुकटात मिळालेली रजा वाटत होती! तरी आवाज चढला नाही. तो त्याला चढवता येतच नव्हता.

"भाऊ परत चाललाय, साहेब. मला नाही जमायचं."

"अरे, मग ऐनवेळी मी सांगू कुणाला?"

"कुणालाही सांगा. मला सांगता तसंच सांगा."

साहेबांनी तक्ता पुढे ओढला. बोट एकेका नावावर थांबलं आणि खाली सरकलं. कुणी आवाज चढवणारा, कुणी युनियनवाला, कुणी थेट मॅनेजरकडे जाणारा. शेवटी बोट वर आलं आणि त्यांच्या स्वतःच्याच नावावर थांबलं.

फुजैल दारापर्यंत गेला, आणि सवयीने वळून अदबीने म्हणाला, "साहेब, खालचा कूलिंगचा व्हॉल्व्ह जरा जड फिरतो. तेवढं बघाल ना?"